सोलापुरात वसंतात किडे आणि पक्ष्या-प्राण्यांचे फोटो काढायचेत, कॅमेरा साधा आहे, सुरुवात कुठून करू?

तुमच्याकडं कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्सच आहे म्हणताय आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात कधी जाऊ असं विचारलंय. मी तर म्हणतो नान्नज राहू द्या जरा, आधी घराजवळ एखादी लिंबोणी किंवा कढीपत्ता शोधा आणि फेब्रुवारीपासून दर दोन दिवसांनी त्याच झाडापाशी जाऊन बसा.

लाइम बटरफ्लाय, ते काळ्यावर पिवळट ठिपक्यांचं फुलपाखरू, कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर अंडं घालतं, त्यातून निघणारी अळी सुरुवातीला हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते म्हणून कोणी खात नाही, मोठी झाली की हिरवीगार होते आणि धक्का लागला तर डोक्यामागून केशरी दुहेरी शिंग काढते आणि उग्र वास येतो. हे सगळं एकाच झाडावर साधारण महिन्याभरात बघायला मिळतं, एक झाड नीट कळलं की मग बाकीची आपोआप दिसायला लागतात बघा. रुईच्या झुडपावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या असतात, आणि फुलांवर मोठे काळे भुंगे येतात.

लेन्ससाठी रिव्हर्स रिंग घ्या, लेन्स उलटी लावायची, काही शे रुपयांत मॅक्रोचं, म्हणजे बारीक किडा जवळून मोठा टिपायचं काम होतं. ऑटोफोकस चालत नाही, आपणच श्वास रोखून पुढं-मागं व्हायचं, किड्याचा डोळा शार्प आला पाहिजे, पाय-पंख सुटले तरी चालतं. फ्लॅश असेल तर पुढं पांढरा पातळ कागद लावा, नाहीतर भुंग्याच्या पाठीवर नुसता पांढरा डाग येतो. गुडघ्याखाली जुनी चादर घ्याच, माळावर सराटे लई असतात.

वेळ मात्र पाळा. सूर्य उगवल्यापासून दोन-अडीच तास, बास. रात्रीच्या गारव्यानं किडे सुस्त असतात, पंखावर ऊन घेत बसतात तेव्हाच जवळ जाता येतं. मार्चमध्ये आपल्याकडं नऊ-साडेनऊनंतर जमिनीवरून झळा उठतात, लांबच्या लेन्सनं काढलेला काळवीट पाण्यात हलल्यासारखा येतो, त्याला कुठलीच सेटिंग कामाला येत नाही.

पक्षी म्हणाल तर ज्वारी काढणीला आली की भोरड्यांचे थवे पडतात, पळस-पांगारा फुलला की त्यावर त्याच येतात, म्हणून तर त्यांना पळसमैना म्हणतात. एप्रिलमध्ये त्या निघून जातात, तेव्हा उशीर करू नका. शिंजीर नराचा जांभळा-निळा रंगही याच दिवसांत चमकतो. हिप्परग्याच्या तलावावर चतुर आणि टाचण्या, म्हणजे चतुरासारखेच पण बारीक अंगाचे किडे, भरपूर.

नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर, माळढोकासाठी केलेलं, पण माळढोक दिसेल म्हणून जाऊ नका, काळवीट, टिटवी, चंडोल बघा. वनखात्याला विचारून, ठरलेल्या वाटेनंच. एप्रिलनंतर माळावर नर सरडे दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतात, ते झोपून काढायचं. त्यांच्यातल्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये सरडा हेच मराठी नाव दिलंय, मला त्याचा फार आनंद झाला होता.

एक चूक माझी, तुम्ही करू नका. उजेड चांगला यावा म्हणून मी अळीची फांदी दोऱ्यानं उघड्यावर ओढून बांधली आणि सोडायची विसरलो. दुसऱ्या दिवशी अळी नव्हती, बुलबुल तिथंच बसला होता. आठ दिवस मी तिला रोज बघत होतो, अजून वाईट वाटतं. तेव्हापासून पानसुद्धा सरकवत नाही. किडे फ्रिजमध्ये ठेवून फोटो काढणाऱ्यांचं ऐकू नका, आणि घरट्याचं लोकेशन कुठंही टाकू नका.

मे संपला की कॅमेरा ठेवून देऊ नका, पहिल्या पावसानंतर माळावर लाल मखमली मृगाचे किडे निघतात, त्यांच्यासाठी तीच उलटी लेन्स पुरते.