रेट्रोमधे सगळे गप्पच बसतात, काय करू?

प्रश्न : ताई, मी छत्रपती संभाजीनगरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम मास्टर आहे, म्हणजे स्क्रम या पद्धतीनं छोट्या टप्प्यांत काम करायला टीमला मदत करणारा. टीम आठ जणांची, चौघं ऑफिसात अन् चौघं लातूर, नांदेडला घरून काम करतात. दर दोन आठवड्यांनी शुक्रवारी रेट्रो (झालेल्या कामाकडे मागं वळून बघायची टीमची बैठक) घेतो, काय चांगलं झालं काय बिघडलं विचारलं की सगळे म्हणतात "ठीक चाललंय". मग मीच बोलत बसतो. एखादी वेगळी अॅक्टिव्हिटी सांगा ना.

उत्तर : भाऊ, आधी एक सांगा, रेट्रोला मॅनेजर बसतात का? ज्यांच्या हातात अप्रेझल आहे त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही. दोन-तीन वेळा त्यांना बाहेर थांबायची विनंती करून बघा.

आता अॅक्टिव्हिटी. सेलबोट बऱ्याच टीम करतात, बोटीचं चित्र काढायचं, वारा म्हणजे पुढे नेणाऱ्या गोष्टी, नांगर म्हणजे अडवणाऱ्या, खडक म्हणजे धोके अन् बेट म्हणजे जिथं पोचायचंय ते. पण आपल्या मराठवाड्याला समुद्र कुठंय, म्हणून मी बोर्डावर बैलगाडी काढते. बैल म्हणजे काय ओढून नेतंय, चिखलात रुतलेलं चाक म्हणजे काय अडलंय, पुढचा ओढा म्हणजे धोका, पलीकडचं गाव म्हणजे ध्येय. अन् एक जागा मी माझी वाढवली, वंगण. कोणती बारीकशी गोष्ट केली तर गाडी हलकी चालेल? सगळ्यात जास्त चिठ्ठ्या तिथंच पडतात.

पण आधी सात मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, नाव नाही. घरून काम करणारे मोबाईलवरून ऑनलाइन बोर्डवर लिहितील, तिथंही नाव दिसणार नाही असं सेटिंग ठेवा. मग चिठ्ठ्या मिसळून दुसऱ्यानं वाचायच्या.

माझ्या आधीच्या टीममधे नांदेडहून टेस्टिंग करणारी एक मुलगी होती, सहा महिने रेट्रोत एक शब्द नाही. चाकापाशी चिठ्ठी निघाली (बिल्ड म्हणजे तपासायला दिलेलं तयार सॉफ्टवेअर), "बिल्ड गुरुवारी संध्याकाळी सातला येतो, शुक्रवारी दुपारी डेमो, तपासू कधी?" वाचणारा डेव्हलपर थांबलाच, म्हणाला मला वाटायचं एक रात्र पुरते. आणि मग तीच बोलायला लागली, लई वेळ बोलली. त्या दिवशी एवढंच ठरलं की बिल्ड बुधवारी दुपारी द्यायचा.

हे एवढंच ठरणं फार महत्त्वाचं आहे. लोक गप्प होतात कारण मागच्या वेळी बोललेलं कुठंतरी हरवलेलं असतं. 2001 च्या अजाईल मॅनिफेस्टोमागच्या (थोडं थोडं करत, बदलत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीच्या जाहीरनाम्यामागच्या) 12 तत्त्वांत शेवटचं हेच आहे, टीमनं ठराविक काळानं स्वतःकडे बघायचं अन् त्याप्रमाणे वागणं बदलायचं. दहा मुद्दे लिहून ठेवण्यापेक्षा एकच घ्या, त्याला नाव अन् तारीख लावा, आणि पुढची रेट्रो त्याच मुद्द्यानं सुरू करा, झालं का, नसेल तर काहून नाही.

वेळेचं म्हणाल तर स्क्रममधे महिन्याच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या एका टप्प्याला, जास्तीत जास्त 3 तास सांगितलेत, तुमच्या दोन आठवड्यांना एक-दीड तास पुष्कळ. बैलगाडीचा कंटाळा आला की टाइमलाइन करा, दोन आठवड्यांची आडवी रेघ ओढून प्रत्येकानं आपला मूड कुठं वर गेला कुठं खाली आला ते काढायचं, जिथं सगळ्यांची रेघ एकाच दिवशी खाली येते तिथं विचारायचं.

या शुक्रवारी चाकापाशी पहिली चिठ्ठी मात्र तुमची लावा, नावासकट, तुमच्याकडून जे राहून गेलं त्याची.