स्कॅफोल्डवर जीन दाबताना
सपाट प्लास्टिकवर वाढवलेल्या पेशींत एसआय-आरएनएने (ठरावीक जीन दाबणाऱ्या आरएनएच्या छोट्या तुकड्याने) जीन छान दबला, म्हणून स्कॅफोल्डवरही (पेशी वाढवायच्या खाचाखळग्यांच्या आधारावर) दबेल असं धरून चालू नकोस. खाचाखळग्यांवर पेशी वेगळ्या पसरतात, पेशीच्या आतला अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा सांगाडा बदलतो आणि एसआय-आरएनए नेणारे बाहेरचे कण आत ओढून घेण्याचं प्रमाणही बदलू शकतं. शिवाय नुसत्या पृष्ठभागानेच कित्येक जीनची पातळी हलते. म्हणून निरर्थक क्रमाचा, म्हणजे तो जीन न दाबणारा, एसआय-आरएनए त्याच स्कॅफोल्डवर देऊन तुलना कर. सपाट थाळीतला कंट्रोल (तुलनेचा नमुना) इथे कामाचा नाही.

आणि हे अगदी कळकळीने सांगते: आरएनए काढण्याआधी स्कॅफोल्ड चिमट्याने अलगद उचलून नव्या वेलमध्ये (थाळीतल्या खळग्यात) ठेव. जुन्या वेलच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोबत आल्या, की आकडा स्कॅफोल्डवरच्या नव्हे, प्लास्टिकवरच्या पेशींचा निघतो. माझे दोन महिने त्यातच गेले. त्या जीनचं प्रथिन टिकाऊ असेल, तर जीन दबल्यावरही ते काही काळ उरतं, म्हणून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन तपासायची चाचणी) जरा उशिरा कर.