बंद घर, दमट उन्हाळा: एसीपेक्षा आर्द्रता सांभाळा

दमट किनाऱ्यावरच्या शहरात राहायला जाताय आणि ऐन उन्हाळ्यात तीनेक महिने तिथलं घर बंद राहणार. एसी बंद करून खिडक्यांना फट ठेवावी, की एसी चालू ठेवून निघावं, आणि निघण्याआधी काय काय करावं, असं तुम्ही विचारलंय. फटीचा विचार आधी सोडून द्या.

बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम बाष्प असतं. २६ अंशांची हवा जास्तीत जास्त तेवढंच बाष्प धरू शकते. म्हणजे बाहेरची हवा आत येऊन सावलीतल्या भिंतीजवळ २६ अंशांपर्यंत निवली, की तिथली आर्द्रता जवळजवळ शंभर टक्के. मोकळ्या हवेने घर कोरडं राहतं हे कोरड्या हवेच्या गावात खरं, इथे उलटं होतं. बुरशीला पाण्याचे थेंबही लागत नाहीत. भिंतीलगत, कपाटामागे, गादीखाली आर्द्रता काही दिवस ७५-८० टक्क्यांच्या वर राहिली की पुरे. म्हणून घरात ६० टक्के ही वरची मर्यादा धरा.

एसी चालू ठेवला की काम झालं, असं बहुतेक जण धरून चालतात. पण साधा एसी तापमान बघतो, ओल बघत नाही. २७ वर लावून गेलात आणि चार दिवस ढगाळ पावसाळी गेले, तर घर मुळात २७ च्या आसपासच राहतं, कॉम्प्रेसर क्वचित चालतो आणि आर्द्रता निवांत ७० च्या पुढे जाते. खोलीच्या मानाने एसी मोठा असेल तर आणखी वाईट, कारण तो पाच-सात मिनिटांत हवा थंड करून थांबतो आणि कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, जमलेलं पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेनपर्यंत पोचतच नाही. त्यात पंखा सतत चालू ठेवला असेल, तर तेच पाणी वाळून परत खोलीत येतं. पंखा नेहमी ऑटोवर. यावर उपाय म्हणून २० अंशांवर लावून जाणारेही आहेत. त्याने वीजबिल वाढतं आणि भिंती इतक्या गार होतात, की बाहेरून झिरपणारं बाष्प प्लास्टिकच्या वॉलपेपरमागे किंवा लाकडी पॅनेलमागे पाणी होऊन बसतं. ती बुरशी वास सुटेपर्यंत दिसत नाही.

सेंट्रल एसी असेल तर ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता बघून एसी चालू-बंद करणारा स्विच) बसवून घ्या, किंवा आर्द्रतेवर एसी चालवणारा थर्मोस्टॅट. आर्द्रता ५८ टक्के, तापमान २७ ते २८. आर्द्रता ४५ वर लावू नका, मशीन थांबायचंच नाही. नुसते स्प्लिट एसी असतील तर त्यांच्या ड्राय मोडवर, म्हणजे ओल काढण्याच्या सेटिंगवर, विसंबू नका. बऱ्याच मॉडेल्समध्ये आर्द्रतेचा सेन्सरच नसतो, ठरावीक वेळ चालू-बंद होण्यापलीकडे तो मोड काही करत नाही. अशा घरात वेगळा डीह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प ओढून त्याचं पाणी करणारं मशीन) घ्या आणि एक स्प्लिट एसी २८ वर सोबतीला ठेवा. सोबत लागते, कारण एक लिटर बाष्पाचं पाणी होताना सुमारे ०.७ युनिट उष्णता बाहेर पडते, त्यात मशीनची स्वतःची वीज मिळवा. बंद घर तापत जातं आणि ३२-३५ अंशांच्या पुढे अनेक छोटी मशीनं स्वतःच बंद पडतात.

मशीन घेताना क्षमतेचा आकडा सांभाळून वाचा. दिवसाला २० लिटर असं लिहिलेलं असतं ते बरेचदा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेलं. तुमच्या ५५-६० टक्क्यांच्या घरात निम्मं निघालं तरी ठीक म्हणा. टाकी वापरायची नाही, ती एक-दोन दिवसांत भरते आणि मशीन थांबतं. मागच्या नळीजोडाला पाइप लावून तो बाथरूमच्या जाळीत किंवा सिंकमध्ये सोडा. पाइप सगळीकडे उताराचा हवा. मध्ये एक झोळ राहिला की तिथे शेवाळ धरतं आणि पाणी उलटं मशीनमध्ये तुंबतं. मशीन टेबलावर चढवलं की उतार आपोआप मिळतो. दुसरी गोष्ट दुकानातच बघा: चालू मशीनचा प्लग काढा, पाच मिनिटांनी परत लावा. आपणहून जुन्या सेटिंगवर सुरू झालं तरच घ्या. बटण दाबावं लागणारं मशीन पहिल्या वीजकपातीनंतर शोभेची वस्तू होतं. घरातले एसीही असेच तपासा.

हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचे मीटर, दोन तरी हवेत, एक हॉलमध्ये आणि एक सगळ्यात कोंदट कोपऱ्यात. स्वस्त मीटर पाच-सात टक्के सहज चुकतात, म्हणून आधी पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओलसर करा (विरघळवू नका), मीटरसोबत हवाबंद पिशवीत १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जो फरक पडेल तो कागदावर लिहून मीटरच्या पाठीला चिकटवा.

बंद घरात खरा घात बहुधा एसीचा ड्रेन करतो. ओल्या पाइपमध्ये चिकट शेवाळाचा गोळा धरतो, ट्रे भरतो आणि पाणी फॉल्स सीलिंगमध्ये किंवा भिंतीत उतरतं. निघण्याआधी सर्व्हिसिंग करून पाइप साफ करून घ्या, एक बादली पाणी ओतून ते बाहेर पडतंय ना बघा, आणि ट्रेमध्ये पाणी चढलं की कॉम्प्रेसर बंद करणारा फ्लोट स्विच लावून घ्या. इतक्या कमी पैशात एवढं वाचवणारा दुसरा भाग नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं याच सेटिंगवर लावा आणि आकडे बघत राहा. गाद्या, पुस्तकं, लाकूड यांत मुरलेली ओल निघायला तेवढे दिवस लागतात. शेवटचे कपडे आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवा. कपाटात कपडे धुतलेलेच ठेवा, घाम आणि अन्नाचे डाग हे बुरशीचं खाद्य. स्टार्चसुद्धा. कपाटांची आणि आतल्या खोल्यांची दारं उघडी, गाद्या उभ्या, सामान बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर दूर. चामड्याच्या वस्तू पुसून सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे तीन महिन्यांसाठी ठेवू नका. ते भरले की खारं पाणी सांडतं, त्याने लोखंड गंजतं आणि चामडं खराब होतं. एक्झॉस्ट फॅन बंदच असू द्या. तो जितकी हवा बाहेर टाकतो तितकी दमट हवा फटींतून आत ओढतो.

पाण्याचा मेन व्हॉल्व्ह आणि गीझर बंद करा. फ्रिज रिकामा करून बंद ठेवणार असाल तर पुसून कोरडा करा आणि दारात काहीतरी अडकवून ते उघडं ठेवा. वॉशिंग मशीनचं दार आणि पावडरचा कप्पाही उघडा. जाळ्यांच्या ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात साचून राहणारं पाणी वाळलं की गटाराची हवा, वास आणि झुरळं वर येतात, म्हणून ट्रॅप पाण्याने भरून वर दोन चमचे खाद्यतेल सोडा. कमोडवर क्लिंग फिल्म ताणून झाकण लावा. डीह्युमिडिफायरचा पाइप जिथे सोडलाय ती जाळी मात्र मोकळी हवी.

दोन आठवड्यांनी एकदा कुणीतरी आत यायलाच हवं. मोबाइलवर आकडा दिसला तरी ओला ट्रे दिसत नाही. त्यांना क्रम लिहून द्या: दोन्ही मीटरचा फोटो, पाइपमधून पाणी पडतंय का, एसीखाली आणि सिंकखाली हात लावून बघणं, फिल्टर, शेवटी कपाटात नाक घालून वास. आकडा सलग दोनदा ६५ च्या वर आला तर कुणाला फोन करायचा, तेही त्याच कागदावर.

परतल्यावर प्रत्येक नळ पाच मिनिटं सोडा, शॉवरचा तोंडाचा भाग काढून. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि त्याचे तुषार श्वासात जायला नकोत. गीझर ६० अंशांवर तापवूनच गरम पाणी वापरा. कुठे बुरशी दिसलीच तर एन९५ मास्क लावून टाइल, काच, धातू साबणाच्या पाण्याने घासून कोरडे करा. ब्लीच वापरलंत तर त्यात व्हिनेगर किंवा अमोनियाचं क्लीनर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. जिप्सम बोर्ड पुसून उपयोग नाही, बुरशी कागदाच्या आत गेलेली असते. तेवढा तुकडा कापून बदलावा लागतो. डाग एक चौरस मीटरहून मोठा असेल तर स्वतः हात लावू नका, त्या कामाची माणसं बोलवा आणि तोवर एसी बंद ठेवा, नाहीतर बीजाणू सगळ्या खोल्यांत फिरतील.