दुपारीच का पडतो ब्रेकर?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पॅनेलचा इनकमर, म्हणजे मुख्य ब्रेकर, 125 अँपियरचा एमसीसीबी. क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेजला 110 ते 115 दिसतात, तरी एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन-तीनला तो ट्रिप होतो. रात्रपाळीत कधीच नाही. केबल 70 चौरस मिमीची, साडेतीन कोअर अॅल्युमिनियम, पीव्हीसी. ट्रान्सफॉर्मर 250 केव्हीएचा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, 250 अँपियर, 50 केएचा (किलोअँपियरचा) टाका, कटकट संपेल. टाकू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका टाकू. कटकट संपेल, आणि एखाद दिवशी केबलही. ती हवेत साधारण 130 अँपियर झेलते. 250 च्या ब्रेकरखाली ती 200 अँपियरला तासन्‌तास भाजत राहील आणि ब्रेकर ढिम्म हलणार नाही. इनकमर आधी केबलसाठी असतो. मोटारींना त्यांचे ओव्हरलोड रिले आहेतच.

आता दुपारचं. थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबीच्या पोटात बायमेटलची पट्टी असते. करंटने ती तापते, वाकते आणि ट्रिप करते. पण करंटची उष्णता कुठली आणि पत्र्याच्या छपराची कुठली, हे तिला कळत नाही. बहुतेक रेटिंग 40 अंशांना धरलेलं असतं. मेमध्ये बंद पॅनेलच्या आत 55 अंश सहज होतात. तिथे तुमचा 125 चा ब्रेकर 112-115 चाच उरतो. नेमका आकडा कॅटलॉगच्या तक्त्यात मिळेल, तो मागून घ्या. डीलर सहसा स्वतःहून देत नाही.

पण खरेदीआधी लग, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टने आवळलेली जोडणी, बघा. एका फाउंड्रीत मी असाच दोनदा एमसीसीबी बदलला होता आणि दोन्ही वेळा कंपनीला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा हाताखालच्या पोरानं बी फेजकडे बोट दाखवलं : निळी स्लीव्ह चॉकलेटी पडलेली, बोल्ट हातानं अर्धा आटा फिरला. सैल लगची उष्णता थेट बायमेटलपर्यंत पोचत होती. पैसे अर्थातच माझेच गेले.

लग ठीक असतील तर 160 अँपियरचा, मायक्रोप्रोसेसर रिलीजचा (रिलीज म्हणजे ब्रेकर ट्रिप करणारा भाग) घ्या आणि ओव्हरलोड सेटिंग 0.8 ला, म्हणजे 128 वर ठेवा. हा रिलीज करंट मोजतो, त्यामुळे दुपारच्या उन्हानं फारसा बिथरत नाही. मात्र उन्हात केबलही दमते, तुमची 70 ची अगदी काठावर आहे. जमेल तेव्हा 95 ची ओढा, सेटिंग तरीही 128 च राहू द्या.

50 केएचं म्हणाल, तर हिशोब सोपा आहे. 250 केव्हीएचा 433 व्होल्टला फुल लोड करंट 333 अँपियर. नेमप्लेटवरचा इम्पिडन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा करंटला होणारा अडथळा, बघा, 4.5 टक्के असेल तर 333 भागिले 0.045, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवरच शॉर्ट सर्किटला सुमारे 7.4 केए. पॅनेलपर्यंत येताना तो आणखी उतरतो. मोटारींकडून थोडी भर पडेल, तरी 25 केए भरपूर झालं. वाचलेले पैसे केबलला लावा. फक्त आयसीएस हा आयसीयूच्या 100 टक्के आहे ना, ते विचारा. (हा आयसीयू दवाखान्यातला नाही, ब्रेकर जास्तीत जास्त किती फॉल्ट तोडेल, तो आकडा. आयसीएस म्हणजे तोडल्यावरही तो पुन्हा कामाला येईल, तो.)

आणि नवा बसवताना लगचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळून घ्या, कॅटलॉगमध्ये लिहिलेल्या न्यूटन-मीटरला. पान्याला पाइप लावून आवळणारा वायरमन तुमच्याकडेही असेलच.