खालिद जमीलला आता काढायचं का?

प्रश्न: खालिद जमील कोच असलेली आपली भारतीय फुटबॉल टीम फातोर्डाला सिंगापूरकडून २-१ हरली तेव्हा मी स्टेडियममध्येच होतो, नंतर ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. आशिया कप २०२७ ची पात्रता तर गेलीच. आता कोच बदलायला नको का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: अहो राग समजतो, घरच्या मैदानावर असं हरणं जिव्हारी लागतंच. पण जरा मागे बघा. जून २०२४ मध्ये तेव्हाचा कोच इगोर स्टिमॅकला काढला, मग मानोलो मार्केझ आले, तेही सुरुवातीला एफसी गोवा हा क्लब सांभाळत पार्ट टाईम (हा काय प्रकार होता देव जाणे), आठ मॅचमध्ये एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. ऑगस्ट २०२५ पासून खालिद. म्हणजे सव्वा वर्षात तीन कोच झाले आणि गोल करायचा प्रश्न तिथंच, स्ट्रायकर सुनील छेत्रीला रिटायरमेंटमधून परत बोलवावं लागलं यातच सगळं आलं ना. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) बहुतेक टीम नऊ नंबरला, म्हणजे गोल करायच्या मुख्य जागेवर, परदेशी स्ट्रायकर खेळवतात, मग आपला पोरगा तयार होणार कुठं, आणि २०२५-२६ ची लीग तर वेळेवर सुरूच झाली नाही.

खालिदचं चुकलं नाही असं नाही, टीम फारच मागे बसून खेळते. पण याच माणसाने २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग (तेव्हाची देशातली मुख्य लीग) जिंकून दिलीय, आणि आल्या आल्या काफा नेशन्स कपमध्ये (मध्य आशियातली स्पर्धा) ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. मी तरी त्याला आत्ता काढणार नाही, फुटबॉल फेडरेशनला मात्र जाब विचारेन.