पट्टे ‘वाटले’ की हक्क ‘मानले’?

गोरेगावच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या काम करतात त्या अभ्यासगटाने आदिवासींच्या जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या हक्कांबद्दल एक धोरण-टिपण इंग्रजीत तयार केलं. मराठी करायचं काम ताईंकडे आलं. मुळात जिथे जिथे ‘रेकग्निशन ऑफ फॉरेस्ट राइट्स’ होतं तिथे त्यांनी ‘वनपट्टे वाटप’ लिहिलं, कारण पेपरात तेच छापून येतं. गटातल्या एका जुन्या कार्यकर्त्याने प्रत्येक ‘वाटप’ खाली लाल रेघ ओढून कागद परत पाठवला. कारण लिहिलं नाही. ताई विचारतात: ‘वाटप’ चुकलं कुठे? आणि जाता जाता, ‘हक्क’ लिहू की ‘अधिकार’?

रेघ ओढणाऱ्याचं बरोबर आहे. कारण न लिहिण्याचा आळस मात्र त्याने करायला नको होता.

जून उजाडला की मुंबईत नाक्यानाक्यावर वह्यावाटपाचे फलक लागतात. वाटणाऱ्या साहेबांचा फोटो फलकभर, वह्या घेणारी पोरं खाली कोपऱ्यात. छत्रीवाटप, साडीवाटप, दिवाळीला उटणंवाटप. या ‘वाटप’मध्ये वस्तू वाटणाऱ्याची असते आणि गठ्ठा संपला की विषय संपतो. शेवटच्या पोराला वही मिळाली नाही तर त्याच्यावर अन्याय झाला असं कोणी म्हणत नाही, उशिरा आला म्हणतात. ‘पट्टेवाटप’ वाचताना मराठी माणसाच्या डोळ्यासमोर हाच मांडव उभा राहतो.

यावर कोणी म्हणेल, भावाभावांत वडिलोपार्जित जमिनीचं वाटप होतंच की! रीतसर वाटपपत्र होतं, सरसनिरस बघून हिस्से पाडतात, आणि तिथे कोणी कोणावर उपकार करत नाही. मुद्दा बिनतोड आहे. पण त्या वाटपात वाटणारे आणि घेणारे तेच भाऊ असतात. पट्टेवाटपाच्या फोटोत एक जण व्यासपीठावर असतो आणि बाकीचे रांगेत.

आता कायद्याचं नाव पाहा: ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, 2006’. नावातच मान्यता आहे. प्रास्ताविकात तर वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. जे आधीपासून आहे त्यालाच मान्यता देता येते. म्हणून तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याची अट आहे. हा कायदा नवं काही देऊ करत नाही, जे कागदावर यायचं राहून गेलं ते कागदावर आणतो.

‘वाटप’पेक्षाही मला ‘पट्टा’ जास्त खुपतो. कमरेचा पट्टा, दांडपट्टा, जमिनीचा पट्टा आणि भाडेपट्टा. महसुली मराठीत पट्टा म्हणजे अटींवर, बहुतेकदा मुदतीसाठी दिलेली जमीन, किंवा तिचा कागद. ठाणे-नाशिककडच्या वनजमिनींत ‘एकसाली’ हा शब्द अजून ऐकू येतो. नावातच मुदत: साल संपलं की पुन्हा दारात उभे राहा. रायगडकडे ‘दळी’ जमिनी आहेत, म्हणजे आदिवासींना जंगलात कसायला दिलेले तुकडे. असे जुने पट्टे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर होतेच. कलम 3 मध्ये स्वतंत्र पोटकलम आहे की वनजमिनीवर पूर्वी दिलेल्या पट्ट्यांचं, भाडेपट्ट्यांचं रूपांतर हक्कपत्रात करून घेण्याचा हक्क राहील. म्हणजे कायदा म्हणतो पट्टा जाऊन हक्कपत्र यावं, आणि आलेल्या हक्कपत्राला आपण पुन्हा पट्टाच म्हणतो. पागडीची खोली मालकीची झाल्यावरही सोसायटीने ‘ते दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू’ म्हणत राहावं, तसलाच हा प्रकार.

पाड्यावरची माणसं स्वतःही ‘पट्टा मिळाला’ म्हणतात, त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. पण टिपण तुमचं आहे, त्यात ‘वनहक्कपत्र’ लिहा. ‘मालकीपत्र’ मात्र लिहू नका. हा हक्क वारसांना जातो, विकता येत नाही, नोंद नवराबायको दोघांच्या नावे होते आणि कमाल मर्यादा 4 हेक्टर आहे. ‘मालकी’ म्हटलं की वाचणारा विक्रीपर्यंत पोचतो.

हक्क की अधिकार? हिंदीत सगळीकडे अधिकार. महाराष्ट्रात 2005 चा माहितीचा ‘अधिकार’, 2006 चा वन‘हक्क’ आणि 2015 चा लोकसेवा ‘हक्क’. नियम शोधू नका, नाही. फरक क्रियापदांत सापडतो. हक्क सांगतात, बजावतात, सोडतात. मतदानाच्या दिवशी शाई लावलेलं बोट दाखवून लोक ‘हक्क बजावला’ म्हणतात. ‘अधिकार बजावला’ बोलताना त्यामानाने कमीच ऐकू येतं. अधिकार वरून मिळतात, काढून घेतले जातात, आणि ज्याला मिळतात तो अधिकारी होतो. हक्क मिळाला म्हणून कोणी ‘हक्कारी’ होत नाही. शिवाय ‘हक्काचा माणूस’, ‘हक्काचं घर’ यांत जी ऊब आहे ती ‘अधिकाराचं घर’मध्ये नाही, ते ऐकून सरकारी बंगला आठवतो. (याच शहरात गिरणी कामगारांच्या हक्काच्या घरांची सोडत निघते. हक्क आणि सोडत एका वाक्यात सुखाने नांदतात ते मुंबईतच.) सातबाऱ्यावर मात्र अधिकाराचीच चलती आहे. गाव नमुना सात म्हणजे ‘अधिकार अभिलेख पत्रक’, आणि जुन्या उताऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना संगणकाच्या उताऱ्यात ‘इतर अधिकार’ झाला आहे. तुम्ही ‘हक्क’वर ठाम राहा.

एक प्रसंग सांगतो. आरेतल्या एका पाड्यावर वनहक्काच्या दाव्याचा अर्ज वाचून दाखवायला बसलो होतो. अर्जाची भाषा जड, म्हणून मी सोपी करून सांगत होतो: ‘सरकार तुम्हाला या जमिनीचा हक्क देणार, त्यासाठी पुरावा लागेल.’ उंबऱ्याशी बसलेल्या आजी शेंगा सोलत ऐकत होत्या. त्यांना ‘पुरावा’ अडला नाही. विहीर दाखवली, मग वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड, मग ज्यांना माणसं पुरायची जागा ठाऊक आहे अशा दोन म्हाताऱ्यांची नावं घेतली. गंमत म्हणजे 2008 च्या नियमांत पुरावा म्हणून हेच धरलं आहे: विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं. आजींना अडलं ते ‘देणार’. त्यांचं म्हणणं एवढंच, की जमीन आमच्याकडे आहेच, ती नावावर करून द्या.

नावावर होणे! महसुली मराठीचा हा अस्सल प्रयोग. जमीन नावावर झाली, नाव लागलं, सातबाऱ्यावर नाव चढलं. तिन्हींत जमीन जागची हलत नाही, हलतो तो कागद. मार्च 2018 मध्ये नाशिकहून चालत आलेला शेतकऱ्यांचा मोर्चा, दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून रात्रीतून आझाद मैदानात पोचलेला, मुंबईला आठवत असेल. त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही मुख्य मागण्यांपैकी एक होती. जमिनी ‘द्या’ आणि जमिनी ‘नावावर करा’ यांत एकाच शब्दाचं अंतर आहे, पण पहिल्यात तो माणूस याचक होतो आणि दुसऱ्यात पक्षकार.

टिपणात पाणीही आहे म्हणता, तर एका मुंबईकर सवयीपासून सावध राहा. पावसाळ्यात आपण ‘सात तलावांतला साठा’ वाचतो: अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. एकही नैसर्गिक नाही. 1860 चा विहारही भिंत घालून अडवलेला आहे. ‘तलाव’ म्हटलं की पाणी तिथे असतंच, आपण फक्त घेतो. ‘धरण’ म्हटलं की आधी तिथे काय होतं हा प्रश्न आपोआप येतो. शहापूर-मोखाड्याच्या ज्या भागातून आपलं पाणी येतं तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे आदिवासी पाडे आहेत. त्यांच्याबद्दलच्या परिच्छेदात तरी ‘धरण’ लिहा. आणि समाईक वापराला इंग्रजीतून शब्द आणायची गरज नाही: विदर्भातला ‘निस्तार’ वनहक्क कायद्याच्या इंग्रजी मजकुरात तसाच बसलेला आहे. ग्रामसभेच्या व्याख्येत ‘पाडा’ आणि ‘टोला’सुद्धा आहेत. आपले शब्द इंग्रजीत पोचलेत, त्यांना मराठीत आणताना ‘वस्ती’ करू नका.

‘इंडिजिनस’ला काय म्हणायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार आहे. ‘आदिवासी’ लिहा. ‘मूलनिवासी’ला वेगळ्या राजकारणाचा वास आहे, ‘भूमिपुत्र’ मुंबईत इतक्यांनी वापरलाय की कोणाचाच राहिला नाही, आणि ‘देशी’ लिहिलंत तर वाचक गायीचं तूप शोधेल. मात्र ‘इंडिजिनस’ लोकांच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्याचा उल्लेख आला तर तिथे ‘मूळ रहिवासी’ असा वेगळा शब्द योजा. भारताने त्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, पण स्वातंत्र्याच्या वेळची भारताची सगळीच जनता मूळ रहिवासी आहे ही आपली सरकारी भूमिका. तिथे ‘आदिवासी’ लिहिलंत तर ती भूमिका वाक्यातून निसटेल.

तुम्ही पाठवलेलं वाक्य होतं: ‘शासनाने पात्र आदिवासींना तातडीने वनपट्ट्यांचे वाटप करावे.’ मी लिहीन: ‘आदिवासी कसत आलेल्या जमिनींवरील त्यांचे हक्क शासनाने तातडीने मान्य करून हक्कपत्रे त्यांच्या नावे करावीत.’ लांबलं खरं. लाल रेघवाल्यांना दाखवून बघा, आणि या खेपेला कारण लिहून मागा.