वाचक विचारतात : घरच्या घरी केस रंगवताना

प्रश्न : माझं वय ४६. केस खांद्यापर्यंत आहेत, भांगाशी आणि कानशिलांवर बरेच पांढरे झाले आहेत. दर महिन्याला पार्लर परवडत नाही म्हणून वर्षभर घरीच डाय करते. तरी मुळं पांढरी दिसतात आणि टोकं काळीकुट्ट, राठ झाली आहेत. कुठं चुकतंय? — एक वाचक, सांगली

रंग दर वेळी सगळ्या केसांना लागतोय आणि जिथं खरी गरज आहे तिथं अपुरा पडतोय.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे महिन्याभरानं रंग हवा तो मुळाशी उगवलेल्या तेवढ्याच पट्ट्याला. खांद्यावर टेकणारं टोक दोन वर्षांपूर्वी टाळूशी होतं. वर्षभर दर महिन्याला डाय वरपासून खालपर्यंत ओढला, तर त्या टोकाला तो बारा वेळा लागला. डाय केसाला बाहेरून फासला जात नाही, तो केसाच्या आत तयार होतो. क्रीममधला अमोनिया केसावरचे खवले उचलतो, त्यातून बारीक बिनरंगी रेणू आत शिरतात आणि क्रीममध्ये कालवायच्या डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना जोडून मोठे रंगीत रेणू घडवतं. ते मोठे असल्यामुळे बाहेर निसटत नाहीत. पण खवले पुन:पुन्हा उचलले की ते पूर्वीसारखे बसत नाहीत. म्हणून टोकं राठ होतात, आणि सच्छिद्र झालेला केस रंगही जास्त पितो, म्हणून काळीकुट्टही होतात.

आधी सामान. डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा घ्या. १० व्हॉल्यूमनं चिवट पांढरा केस नीट झाकला जात नाही. ३० किंवा ४० नं टाळू चुरचुरते, शिवाय मधले काळे केस उजळून मुळाशी तांबूस पट्टा उमटतो. शेडचा क्रमांक बहुतेक कंपन्यांत सारखा असतो : १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी. आमचं मत विचाराल तर १ नंबर टाळाच. घरी रंग नेहमी अपेक्षेपेक्षा गडद येतो, आणि गडद काळ्याखाली आठच दिवसांत उगवलेली पांढरी रेघ ठळक दिसते; तपकिरीखाली ती बरीच लपते. तीन किंवा चार नंबरचा 'नॅचरल' रंग घ्या. लालसर छटा आवडत असेल आणि निम्म्याहून जास्त केस पांढरे असतील, तर त्याच कंपनीचा नॅचरल रंग निम्मा मिसळा. नुसती लाल शेड पांढऱ्या केसांवर भडक आणि पातळ चढते.

फक्त मुळांसाठी ३० ग्रॅम क्रीम पुरतं, म्हणजे ६० ग्रॅमच्या ट्यूबमधलं अर्धं. डेव्हलपरचं प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं, कुठं एकास एक तर कुठं एकास दीड. ते अंदाजानं घेऊ नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. डेव्हलपर जास्त झाला की रंग पातळ होतो आणि पांढरा केस अर्धवटच रंगतो. वाटी प्लॅस्टिकची किंवा काचेची हवी, स्टीलचा चमचा नको. मिश्रण कालवलं की लगेच लावायला घ्या, कारण वाटीतच त्याचं काम सुरू झालेलं असतं.

आदल्या दिवशी केस धुवू नका, टाळूचं स्वतःचं तेल थोडं संरक्षण देतं. मात्र खोबरेल चोपडूनही बसू नका. तेलाच्या जाड थरातून रंग आत जात नाही आणि 'डाय धरतच नाही' या तक्रारीमागं बऱ्याचदा आदल्या रात्रीचं हे तेलच असतं.

कोरड्या केसांचे मधला भांग आणि कानापासून कानापर्यंतची आडवी रेघ असे चार भाग करून क्लिपा लावा. सुरुवात तिथून करा जिथं पांढरे जास्त : भांगाची रेघ, कपाळाची कड, कानशिलं. तिथले केस सगळ्यात चिवट असतात, त्यांना वेळ जास्त मिळायला हवा. मागची बाजू शेवटी. बट अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड घेऊ नका आणि ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवा. थर चांगला जाड बसू द्या. डायमध्ये कंजूषी केली की पांढरा केस तसाच राहतो. लावणं वीस मिनिटांत संपवा. मागच्या भांगासाठी घरातल्या कुणाची मदत घेतली तर सोपं जातं.

डाय लावणं संपल्यावर घड्याळ सुरू करायचं. पांढऱ्यासाठी साधारण ३५ मिनिटं, पाकीट सांगत असेल तर ४५. मिश्रण दहा मिनिटांतच डोक्यावर काळंजांभळं दिसायला लागतं, ते पाहून पुष्कळ जण घाबरून धुवून टाकतात. तो काळेपणा बाहेरच्या थराचा, आत रंग अजून तयार व्हायचा असतो. तुमची मुळं पांढरी राहण्याचं हे एक कारण असू शकतं.

वेळ झाली की चार चमचे पाणी घालून बोटांनी दोन मिनिटं फेस येईपर्यंत चोळा, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कंडिशनर लावा, शाम्पू दोन दिवसांनी.

आता काळ्या टोकांचं. त्यावर फिकट शेडचा डाय लावून उपयोग नाही, कारण डाय आधीच्या डायला उजळवत नाही, उलट आणखी एक थर चढतो. टोकांना डाय लावणं बंद करा आणि दर दोन महिन्यांनी दोन-तीन सेंटिमीटर कापा.

प्रश्न : वय ५८. दहा वर्षं एकच डाय वापरतोय. गेल्या दोन वेळा कपाळाला खाज सुटली आणि कानामागं पुरळ आलं. कंपनी बदलू, की अमोनिया-फ्री घेऊ? — एक वाचक, नागपूर

दोन्ही करू नका. डाय लावणं आजपासून थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

ही अ‍ॅलर्जी बहुधा पॅराफेनिलीनडायमीन (पीपीडी) या रंगद्रव्याची आहे. काळ्या आणि गडद डायमध्ये ते बहुतेक वेळा असतंच, कंपनी कोणतीही असो. 'दहा वर्षं काही झालं नाही' याचा आधार घेऊ नका. शरीर हळूहळू संवेदनशील होतं आणि एकदा झालं की सहसा आयुष्यभर तसंच राहतं. प्रत्येक पुढचा डाय आधीपेक्षा जोरात उठू शकतो. आज पुरळ आहे, पुढच्या वेळी पापण्या सुजून डोळे मिटू शकतात. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

अमोनिया-फ्री डायमध्ये अमोनियाच्या जागी बहुतेक वेळा मोनोइथेनॉलअमाइन असतं. वास येत नाही एवढाच फरक. रंगद्रव्य आणि पेरॉक्साइड तेच. 'पीपीडी-फ्री' लिहिलेल्या डब्यात पुष्कळदा टोल्युईन-डायअमाइन असतं, तेही जवळचंच नात्यातलं, आणि पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्या अनेकांना त्यानंही त्रास होतो. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर चाचणीच्या पट्ट्या लावून नेमका कोणता पदार्थ सोसत नाही ते सांगू शकतात. ती चाचणी झाल्याशिवाय नवा डबा उघडू नका.

ज्यांना अजून त्रास झालेला नाही त्यांच्यासाठीही हे महत्त्वाचं आहे. भारतात अशा डायच्या वेष्टनावर आधी चाचणी घेण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. डोळ्यात गेल्यास अंधत्वाचा धोका असल्यामुळे. चाचणी अशी : कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागं, वापरायच्या मिश्रणाचा रुपयाएवढा ठिपका लावा आणि वाळू द्या. सूचनांमध्ये २४ तास लिहिलेले असतात, पण ही अ‍ॅलर्जी सावकाश उठणारी आहे आणि ४८ ते ७२ तासांनीही दिसू शकते. म्हणून दोन दिवस पूर्ण थांबा. रविवारी केस रंगवायचे तर ठिपका शुक्रवारी सकाळी. आणि चाचणी दर वेळी करायची, जुन्या डब्यासाठीसुद्धा. दाढी-मिशीला डाय लावणाऱ्यांनी तर अधिकच जपावं, चेहऱ्याची त्वचा नाजूक असते.

प्रश्न : आईला डाय सोसत नाही. मेंदी लावली की डोकं केशरी दिसतं, ते तिला आवडत नाही. काळ्या मेंदीची पाकिटं चालतील का? — एक वाचक, रत्नागिरी

चालणार नाहीत. मेंदीच्या पानात काळा रंग नसतोच; त्यातला लॉसोन हा रेणू पांढऱ्या केसावर केशरी-तांबडाच चढतो. अर्ध्या-पाऊण तासात केस काळे करणाऱ्या 'काळ्या मेंदी'त बहुधा तेच पीपीडी आणि पाण्यात ऑक्सिजन सोडणारा एखादा घटक मिसळलेला असतो. आईंना डाय सोसत नसेल तर अशा पाकिटानं त्रास होण्याचा मोठा धोका आहे. घटकांची यादी वाचा. फक्त 'लॉसोनिया इनर्मिस' लिहिलं असेल तरच ती मेंदी.

काळसर रंग हवा तर मेंदी आणि नंतर नीळ. कपड्यांना घालायची नीळ नव्हे, तर नीळीच्या पानांची हिरवट पूड. पाकिटावर 'इंडिगोफेरा टिंक्टोरिया' लिहिलेलं असतं. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम पुरतात.

मेंदी चाळून कोमट पाण्यात दह्याएवढी दाट कालवा, दोन चमचे लिंबाचा रस घाला आणि झाकून सहा ते आठ तास ठेवा. उन्हाळ्यात कोकणच्या उकाड्यात चार तास पुरतात, जास्त ठेवली तर जोर उतरतो. दही, अंडं, तेल घालू नका. दह्या-अंड्यातल्या प्रथिनांना रंग आधी चिकटतो आणि केसाला कमी उरतो. लोखंडी कढई आणि चहाचं पाणी ही जुनी पद्धत खरी आहे, चहातलं टॅनिन आणि लोह मिळून काळपट होतात, पण पांढरा केस त्यानं काळा होत नाही, केशरी जरा गडद होतो एवढंच. आणि पुढं कधी पेरॉक्साइडचा डाय लावायची वेळ आली तर केसात राहिलेलं लोह त्रासदायक ठरतं. म्हणून आम्ही काचेचं भांडं सुचवू.

मेंदी दोन-तीन तास ठेवून नुसत्या पाण्यानं धुवा. केस ओलसर असताना नीळ भिजवा : कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, लिंबू अजिबात नाही, कारण आंबटानं नीळ मारली जाते. दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि लगेच लावा. मेंदीसारखी रात्रभर ठेवली तर ती वाया गेली. तास-दीड तासानं शाम्पूविना धुवा. त्या दिवशी रंग हिरवट दिसला तर काळजी नको, हवेत एक-दोन दिवसांत गडद होतो. मेंदीची पायरी गाळून थेट पांढऱ्यावर नीळ लावली तर मात्र निळसर-हिरवा रंग बसतो.

नीळीचीही क्वचित अ‍ॅलर्जी होते, तेव्हा ठिपक्याची चाचणी इथंही.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे. काळ्याभोर केसांत सोनेरी हायलाइट्स हवेत म्हणते. ब्लीचची पावडर आणून घरी करून देऊ का? — एक वाचक, पुणे

नाही. हे एक काम आम्ही पार्लरमध्येच करायला सांगू. काळ्या केसाला सोनेरीपर्यंत नेताना तो लाल, नारिंगी, मग पिवळा अशा पायऱ्यांतून जातो आणि कुठं थांबायचं ते बट उघडून दर पाच मिनिटांनी पाहावं लागतं. जास्त वेळ ठेवला तर केस ओला असताना रबरासारखा ताणला जाऊन तुटतो. कधी मेंदी, 'काळी मेंदी' किंवा साधी पावडर डाय लावली असेल तर ते पार्लरमध्ये आधी सांगा, लपवू नका. त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतील तर त्यांवर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो, कधी चक्क वाफ निघते. त्यांना एका लपलेल्या बटेवर आधी करून पाहायला सांगा.

तिला बरगंडी चालत असेल तर ते घरी जमेल. ब्लीच न करता काळ्या केसांवर ते उन्हात मात्र दिसेल, घरात फारसं नाही, हे तिला आधी सांगून ठेवा.

प्रश्न : कपाळावर डाग राहतात, आणि आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, रंग लवकर उडतो. — एक वाचक, अहिल्यानगर

कपाळाच्या कडेला पेट्रोलियम जेली लावा, पण केसांपासून दोन-तीन मिलिमीटर दूर. ती केसाला लागली तर नेमके कडेचे पांढरे केस रंगायचे राहतात. डाग पडला तर तिथल्या तिथं ओल्या कापसानं पुसा. वाळल्यावर तेलानं चोळून साबणानं काढा, घासणी नको.

बोअरच्या पाण्यातले क्षार केसावर साचून रंग निस्तेज करतात. शेवटचं धुणं गाळलेल्या पाण्यानं करा, त्या लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर. तेवढं डोळ्यात जाऊ देऊ नका.

प्रश्न : कालवलेला डाय उरला तर पुढच्या महिन्यासाठी ठेवता येतो का? — एक वाचक, पणजी

येत नाही. तासाभरात त्याचा जोर संपतो, शिवाय पेरॉक्साइडमधून वायू सुटत राहतो आणि झाकण घट्ट लावलेली बाटली फुगून फुटू शकते. उरलेलं भरपूर पाण्यासह मोरीत टाका. न कालवलेलं क्रीम ट्यूबचं टोपण घट्ट लावून आणि डेव्हलपर वेगळ्या मूळ बाटलीत, उन्हापासून दूर आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवता येतं. डाय पोटात गेला तर घसा सुजतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. घरात कुणाच्या पोटात गेला तर उलटी करवत बसू नका, डब्यासह थेट रुग्णालयात न्या.